तणनाशकाला 'प्रतिरोधक' की 'सहनशील'?

खुरपं: प्रबंधाचा मराठी सारांश लिहितेय. विषय: ग्लायफोसेट या तणनाशकाने न मरणारं तण आणि त्यामागची रेणवीय कारणं. मी 'प्रतिरोधक तण' लिहिलं, मार्गदर्शक म्हणाले 'सहनशील' करा, सोपं पडेल. पण सहनशील म्हणजे जी जात मुळातच त्या औषधाने मरत नव्हती ती. पूर्वी मरणाऱ्या जातीतच न मरणारी रोपं निपजली, तर तो प्रतिरोध. मराठीत हा फरक कसा दाखवू?

अनुस्वार: 'प्रतिरोधक' ऐकलं की मला विजेचं सर्किट दिसतं. सरळ 'सरावलेलं तण' म्हणा की.

खुरपं: तेच तर नको! एखादं रोप औषध पिऊन पिऊन निर्ढावत नाही. आधीच वेगळं असलेलं एखादं वाचतं, बाकीची मरतात, मग त्याचंच बी पसरतं. ग्लायफोसेट ज्या विकराला (एन्झाइमला) अडवून तण मारतं, त्या ईपीएसपीएसच्या 106व्या जागी माझ्या रोपांत प्रोलिन या अमिनो आम्लाऐवजी सेरिन आहे. एवढ्यानेच ग्लायफोसेट तिथे नीट बसत नाही.

जुनीवही: म्हणजे 'दाद न देणारं'. आमच्याकडे ताप औषधाला दाद देत नाही म्हणतात, तसं.

काठावरचा: ते झालं औषधाचं लक्ष्यच बदललं तर. पामर अमरँथ या राजगिऱ्याच्या जातकुळीतल्या तणात (नाव पामर, वाढ बघा!) तेच विकर बनवणाऱ्या जनुकाच्या काही रोपांत शंभराहून जास्त प्रती सापडल्यात. विकर इतकं तयार होतं, की औषधच कमी पडतं. ते 'पुरून उरणं'. काही तणं सायटोक्रोम पी450 या विकरांच्या जोरावर दुसरी तणनाशकं मोडून टाकतात, ते 'पचवणं'. एकाच शब्दात हे सगळं कशाला कोंबायचं?

अनुस्वार: प्रबंधात 'पुरून उरणं'? परीक्षक काय म्हणतील! परिभाषा आणि पारावरच्या गप्पा यांत फरक नको?

जुनीवही: परिभाषा आकाशातून पडते का? 'निंदणी' घ्या. निंद्य झाडं उपटायची म्हणून निंदणी.

काठावरचा: छे. संस्कृतात तण काढणाऱ्याला 'निर्दाता' म्हणत, धागा तिथला. निंदेशी संबंध नाही.

जुनीवही: माझी आजी रोज तणाची निंदा करायची, तिला विचारायला हवं होतं.

अनुस्वार: आमच्यात निंदणी नाहीच, खुरपणी.

खुरपं: सारांश उद्या द्यायचाय हो. 'प्रतिरोधक'च ठेवू का?

काठावरचा: खुरपणी म्हणजे खुरप्याने केलेली. हाताने उपटलं तर?