गरम झाली की सेल्फ घेईना, गार झाली की एका झटक्यात चालू... काय असंल?

खानापूरचा_गडी:
नमस्कार मंडळी. माझ्याकडं २००४ ची पेट्रोल गाडी हाय, एमपीएफआय (कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शनवाली), केए-२२ पासिंग, बाबांनी घेतलेली म्हणून विकवत नाही. गेले तीन महिने हिनं डोकं उठवलंय. सकाळी खानापुरात एका झटक्यात चालू. बेळगावला रविवार पेठेत आलो, सामान घेऊन अर्ध्या तासानं परत बसलो की चावी फिरवल्यावर नुसतं एक ‘टक्’, पुढं काय नाही. पाच-सहा वेळा मारलं की कधी घेते कधी नाही, आणि तासाभरानं आपोआप घेते जसं काय झालंच नव्हतं. मेस्त्रीकडं नेली की तिथं एकदम शहाण्यासारखी, माणूस खोटा पडतो की हो.
बॅटरी नवीन टाकली. सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) उघडून कार्बन ब्रश, बुश, सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) सगळं बदललं. गिअरमध्ये टाकून गाडी मागंपुढं हलवली की बऱ्याचदा चालू होते, म्हणून मेस्त्री म्हणला बेंडिक्स (सेल्फचं दातेरी चाक, जे इंजिनला फिरवतं) अडकतंय, तेही बदललं. फरक शून्य. पावसाळ्यात ॲक्सिलेटरची केबल जड झालती ती पण बदलली, आता परत जड लागायलीय, पण तो वेगळा विषय.
परवा शनिवारी भर बाजारात अडकलो, हमालांनी धक्का मारला, वर चहा मलाच पाजायला लागला.

टिळकवाडी_गेटजवळ:
सेम माझ्या गाडीला झालतं, चोर्ला घाट चढून वर थांबलो आणि परत चालूच होईना, गार झाल्यावर झाली. क्रँक सेन्सर (इंजिन कुठं फिरलंय ते कॉम्प्युटरला सांगणारा) निघाला. तो बदलून बघा.

निपाणीचा_वायरमन:
थांबा हो, आणि एक पार्ट बदलायला लावू नका त्यांना 🙏 क्रँक सेन्सर किंवा पेट्रोलची मोटर गेली तर इंजिन गरागरा फिरतं पण पेट घेत नाही. ह्यांचं इंजिन फिरतच नाही, नुसतं टक् होतंय. दोन्हीला लोक ‘चालू होईना’च म्हणतात आणि तिथंच घोळ होतो.
खानापूरवाले दादा, एक करा, अडकली की तिथल्या तिथं बघायचं, घरी आल्यावर बघून काय उपयोग नाही. हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. लाइट एकदम मंद झाली तर बॅटरी, तिचं टर्मिनल नाहीतर जाम झालेला सेल्फ. लाइट तशीच लख्ख राहिली तर सेल्फपर्यंत पुरेसा करंट पोचतच नाही.
आणि तुम्ही तो ‘वेगळा विषय’ म्हणलाय ना केबलचा, मला तोच विषय वाटतोय. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्याला मायनस मिळतो तो अर्थिंगच्या जाड केबलमधनं. ती खराब झाली की सेल्फचा करंट वाट मिळंल तिथनं जायला बघतो, ॲक्सिलेटर नाहीतर क्लचच्या केबलीतनं सुद्धा. केबल आतनं तापून जड होते. गाडी हलवली की इंजिन पण जरा हलतं, तुटत आलेल्या तारा टेकतात आणि चालू होते. बेंडिक्सचा काय संबंध नसंल.
मल्टीमीटर वीस व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर (टर्मिनलवर नव्हे, शिशाच्या खुंटीवरच), दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. मीटर नसंल तर जंपर केबल मायनसपासनं थेट इंजिनला लावून मारा, घेतली की समजलं.

टिळकवाडी_गेटजवळ:
हे बरोबर हाय, मी गडबडीत वाचलं. पण मग गरम झाल्यावरच का?

निपाणीचा_वायरमन:
तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतो, केबलीचा पण आणि सेल्फच्या वाइंडिंगचा पण. गार असताना कसंबसं निभावतं, गरम झाल्यावर तेवढं पण जमत नाही.

खानापूरचा_गडी:
उशीर झाला, माफी. मंगळवारी गोवावेसजवळ अडकली, पहिल्यांदाच बरं वाटलं 😄 भावाला सेल्फ मारायला बसवलं. हेडलाइट लख्ख. बॅटरीच्या दोन खुंट्यांवर ११.६, आणि मायनस ते इंजिन ४.३ व्होल्ट! म्हणजे सेल्फला सातच्या आसपासच मिळत होते. जंपर केबल लावली, पहिल्याच झटक्याला घेतली, रस्त्यावरच ओरडलो.
ती अर्थिंगची केबल एअर फिल्टरच्या खालनं गिअरबॉक्सवर जाते. वरनं काळं रबर एकदम नव्यासारखं. गिअरबॉक्सकडच्या लगजवळ (बोल्टात बसणाऱ्या टोकाच्या कडीजवळ) वाकवली तर करकर आवाज, कापून बघितलं तर आत हिरवी भुकटी आणि चार-पाच तारा जिवंत. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच हाय. नवीन जाड केबल करून घेतली, बोल्टची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत केली, मजुरी धरून चारशे रुपये. आता ०.२ दाखवतंय. सेल्फ एवढ्या जोरात फिरतो की बाबा आतनं बाहेर आले बघायला.

निपाणीचा_वायरमन:
झकास. ॲक्सिलेटरची केबल पण बदलून टाका, ती आतनं भाजलेली असणार, मधेच अडकली तर वाईट.

खानापूरचा_गडी:
आजच आणली. जुना सोलेनॉइड तेवढा मेस्त्रीकडनं परत आणायचाय, चांगला होता की तो.