पत्र्याच्या घरातले जुने जीआय पाइप बदलायचेत

लातूरकर:
औसा रोडला आमचं पत्र्याचं घर. पाइप वडिलांनी टाकलेले, अर्धा इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी. बोअरचं पाणी जड. परवा न्हाणीतला एल्बो (वळणाचा जोड) कापला, तर आत क्षार आणि गंज साचून करंगळीही जाईना. सकाळची पहिली बादली तांबडी येते, आई ती कडीपत्त्याला टाकते. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा मी घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभा राहिलोय. त्यामुळं थेंब गळला तरी जीव तुटतो. सगळी लाइन बदलू का गळतं तेवढंच?

अंबाजोगाईचा प्लंबर:
सगळीच बदला दादा. गंजलेल्या आट्यांना पाना लावला की पुढचा सांधा गळायला लागतो, मग तो धरा, मग त्याच्या पुढचा. गरम पाण्याला सीपीव्हीसी घ्या, म्हणजे उष्णता सोसणारा प्लास्टिकचा पाइप; गारला यूपीव्हीसी, साधा कडक प्लास्टिकचा, चालतो. दोन्हीचं सोल्युशन (सांधा चिकटवायचं) वेगळं असतं, एकाचं दुसऱ्याला लावू नका. कापल्यावर कडेचा कीस काढा, सोल्युशन पाइपला आणि फिटिंगला दोन्हीकडं लावा, पाव फेरा देऊन अर्धा मिनिट दाबून धरा. नळाजवळ पितळी आट्याचंच फिटिंग. आणि पत्र्याखालून लाइन नेणार असाल तर क्लिपा करकचून आवळू नका, उन्हाळ्यात पाइप लांबतो.

उदगीरहून:
बाहेरच्या पाइपला पाण्यात मिसळायचा पांढरा रंग द्या, उन्हानं ठिसूळ होतो. आमचा तसाच तडकला.

लातूरकर:
सोमवारी सामान आणतो. टाकीखाली एक व्हॉल्व जास्तीचा बसवतो, म्हणजे दुरुस्तीला अख्खी टाकी रिकामी करावी लागणार नाही.