आईच्या युरिन कल्चरमध्ये ई. कोलाय, ईएसबीएल पॉझिटिव्ह. अ‍ॅडमिट करावंच लागेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, समजून घ्या.

आई ६८ वर्षांची, बार्शीला असते, मी पुण्यात. डायबिटीस आहे, गोळ्यांवर बऱ्यापैकी कंट्रोल आहे. या वर्षात युरिन इन्फेक्शनची ही तिसरी वेळ. लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटतं आणि गेलं की थेंब थेंब, ओटीपोटात दुखतं. पहिल्या वेळी शेजारच्या काकू म्हणाल्या उन्हाळी लागलीय, सब्जा द्या, धने-जिऱ्याचं पाणी द्या, ते झालं, मग मेडिकलमधून नॉरफ्लॉक्सासिन आणल्या आणि बरं वाटल्यावर तिने बंद केल्या. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी सेफिक्झिम दिली, कल्चर (लघवीतले जंतू वाढवून कुठलं औषध चालतं ते बघणं) केलंच नाही. आता केलंय तर रिपोर्ट बघून माझी झोप उडालीय.

ई. कोलाय, कॉलनी काउंट (जंतूंची संख्या) एक लाखाच्या वर, ईएसबीएल पॉझिटिव्ह. अँपिसिलिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन, सिप्रोफ्लॉक्सासिन, को-ट्रायमॉक्साझोल सगळ्यांपुढे आर, म्हणजे औषध चालत नाही. एस, म्हणजे चालतं, फक्त नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिन, अमिकासिन आणि मेरोपेनेमपुढे.

एक डॉक्टर म्हणतात ताबडतोब अ‍ॅडमिट करा, मेरोपेनेमची इंजेक्शनं दिवसातून ३ वेळा शिरेतून द्यावी लागतील. दुसरे म्हणतात नायट्रोफ्युरँटॉइन १०० एमजी दिवसातून दोनदा, ५ दिवस, घरीच. ताप नाही, जेवते-खाते, क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) ०.९. मला कळत नाहीये कुणाचं ऐकू, गोळ्यांवर ठेवलं आणि किडनीपर्यंत गेलं तर काय, आणि हा असला जंतू तिला लागला कुठून, बाबांना आणि माझ्या लहान मुलीला लागेल का? तिथे कुणी डॉक्टर किंवा लॅबमधले असाल तर प्लीज लिहा.

प्रतिसाद – सूक्ष्मदर्शी
ताई, मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते, उपचार डॉक्टरच ठरवतील पण रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगते. ईएसबीएल म्हणजे त्या जंतूकडे असं एन्झाइम आहे जे पेनिसिलिन आणि सेफ-वाली बहुतेक औषधं तोडून टाकतं. त्याचे जीन्स बहुधा प्लाझमिडवर (जंतूतला डीएनएचा सुटा तुकडा) असतात आणि त्याच प्लाझमिडवर बाकीच्या औषधांना दाद न देणारे जीन्सही असतात, त्यामुळे सिप्रो, को-ट्रायमॉक्साझोल पण सोबतच आर येतं. रिपोर्टवर इतके आर दिसले म्हणजे आजार तितका गंभीर असं नाही, आजार गंभीर आहे का ते पेशंटकडे बघून ठरतं.

तुम्ही लिहिलंय त्यावरून त्रास मूत्राशयापुरता वाटतोय. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर साठतं, रक्तात आणि किडनीच्या पेशींत जवळजवळ नाही, म्हणून मूत्राशयाच्या इन्फेक्शनला उत्तम आणि किडनीच्या इन्फेक्शनला बिनकामाचं. आता थंडी वाजून ताप, पाठीला बरगडीखाली एका बाजूला दुखणं, उलट्या, गुंगी, यातलं काहीही आलं तर मात्र एक तासही न थांबता हॉस्पिटल, तेव्हा इंजेक्शनच बरोबर. हे नसताना मेरोपेनेम वापरलं तर उद्या खरंच गरज पडेल तेव्हा हातात काय राहणार? मेरोपेनेमलाही दाद न देणारे ई. कोलाय आणि क्लेबसिएला आपल्या लॅबमध्ये सर्रास येतात, मला त्याची फार काळजी वाटते.

वयाच्या मानाने ०.९ वर विसंबू नका, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) काढून घ्या, तो फार कमी असेल तर हे औषध चालत नाही. आणि सोबत लघवीची जळजळ कमी करायचं अल्कलायझर सिरप दिलं असेल तर विचारा, लघवी अल्कधर्मी झाली की नायट्रोफ्युरँटॉइनचा जोर कमी होतो.

कुठून लागला म्हणाल तर तिच्याच आतड्यातून. आपल्याकडे कितीतरी धडधाकट माणसांच्या पोटात असे ई. कोलाय असतात, अँटिबायोटिकने साधे मरतात आणि हेच उरतात. बाबा, लेक घाबरायचं कारण नाही, संडासहून आल्यावर साबणाने हात धुवा.

प्रतिसाद – वाळवंटातली वाळा
माझ्या सासूबाईंना असंच होतं, त्यांच्या डॉक्टरांनी फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची पुडी दिली होती, रात्री लघवी करून आल्यावर पाण्यात ढवळून एकदाच घ्यायची. त्यांना उतार पडला. तुमच्या रिपोर्टमध्ये एस आहे तर तुम्हीही विचारून बघा.

धागाकर्ती
खूप खूप आभार, रडूच आलं वाचून. सिरप खरंच लिहिलेलं होतं, दुसऱ्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले बंद करा. ईजीएफआर ६५ आलाय, गोळ्या जेवणानंतर सुरू केल्यात. कोर्स संपल्यावर कल्चर परत करायचं ना? आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय?

प्रतिसाद – सूक्ष्मदर्शी
त्रास थांबला तर करू नका. या वयात, त्यातून डायबिटीस असेल तर लघवीत जंतू नुसतेच असू शकतात, त्रास काही नसतो, आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की कुणीतरी पुन्हा अँटिबायोटिक लिहितं. त्रास नसताना जंतूंवर उपचार गरोदरपणात आणि मूत्रमार्गाच्या काही ऑपरेशनआधी करतात, बाकी सहसा नाही. परत जळजळ झाली तर मात्र पहिली गोळी घ्यायच्या आधी सँपल द्या, सुरुवातीची धार सोडून मधली, आणि दोन तासांत लॅबला पोचत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा.

वर्षात तिसरी वेळ आहे म्हणजे सोनोग्राफी करा, लघवी करून आल्यावर आत किती शिल्लक राहते तेही बघायला सांगा, डायबिटीसमध्ये मूत्राशय पूर्ण रिकामं न होणं बरंच दिसतं. आणि गायनॅककडे योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल विचारा, पाळी गेलेल्या बायकांत वारंवार होणारं इन्फेक्शन त्याने कमी होतं. बायका लाजून हा विषयच काढत नाहीत, तुम्ही सोबत जा.