मदत हवी आहे: डांबराचा थेंब पाडायचाय, तोही लवकर!

नमस्कार मंडळी. आठवीतल्या भाच्याने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी भलतंच खूळ डोक्यात घेतलंय. ब्रिस्बेनच्या क्वीन्सलंड विद्यापीठात १९२७ साली प्रा. थॉमस पार्नेल यांनी गरम केलेलं डांबर काचेच्या नरसाळ्यात ओतलं, तीन वर्षं निवू दिलं आणि १९३० मध्ये नरसाळ्याचं तोंड कापलं. तेव्हापासून २०१४ पर्यंत पडले फक्त नऊ थेंब! हातोडीने फुटणारं हे डांबर पाण्यापेक्षा सुमारे २३,००० कोटी पट दाट आहे म्हणे. प्रयोगशाळेतला सर्वाधिक काळ चाललेला प्रयोग म्हणून गिनीजमध्ये नोंदही आहे.

पुढे हा प्रयोग सांभाळणारे जॉन मेनस्टोन तर फारच कमनशिबी. १९८८ मध्ये ते काहीतरी प्यायला म्हणून उठले आणि तेवढ्यात थेंब पडला. २००० मध्ये कॅमेरा लावला, तर तोच ऐनवेळी बंद पडला.

आमच्याकडे वेळ दोन महिने, म्हणून विचारतो:

गच्चीच्या गळतीसाठी मिळणारं डांबर चालेल का? की त्यात पातळ करायला काही घातलेलं असतं? ते घरात तापवणं मला धोक्याचं वाटतं (बहिणीने तर थेट नाहीच म्हटलंय). त्याऐवजी गुळाचा घट्ट पाक किंवा राळ कोणी वापरून पाहिली आहे का? पाकाला मुंग्या लागतील हीच धास्ती.

शिवाय तिकडे एसी बसवल्यावर थेंब आणखी रेंगाळले. मग आमच्या अकोल्याच्या उन्हाचा काही फायदा होईल का?