मदत हवी आहे : आय-९४ मधील चुकीचा प्रवर्ग आणि विद्यापीठातील चेक-इन

नमस्कार. माझी भाची एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर एमएससाठी नुकतीच अमेरिकेत पोहोचली असून, तिने संकेतस्थळावरून उतरवून घेतलेल्या आय-९४ या प्रवेशनोंदीत एफ-१ ऐवजी बी-२, म्हणजे पर्यटकाचा प्रवर्ग दिसत आहे. पासपोर्टवर शिक्काही नाही; हल्ली बऱ्याच ठिकाणी तो मारतच नाहीत.

विद्यापीठाच्या चेक-इनसाठी (पोहोचल्याची नोंद करण्यासाठी) पासपोर्ट, व्हिसा, आय-२० (विद्यापीठाने दिलेले पात्रता प्रमाणपत्र) आणि आय-९४ यांच्या प्रती व तेथील राहण्याचा पत्ता द्यायचा आहे, आणि आय-२० वरील अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तारखेपासून ३० दिवसांत विद्यापीठाने सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीत) तिची नोंदणी करणे बंधनकारक असल्याने फार थांबता येणार नाही. अशा चुका डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयातून (प्रवेशनोंदीतील चुका सुधारणारे सीमा विभागाचे कार्यालय) दुरुस्त होतात, हे माहीत आहे. ज्यांनी ती करून घेतली, त्यांचे काम ईमेलवर भागले की प्रत्यक्ष जावे लागले? दुरुस्ती होईपर्यंत चेक-इन थांबवावे, की आहे तीच प्रत जोडून आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी कळवावे? मला दुसरा मार्ग योग्य वाटतो. सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा अर्ज मात्र नोंद सुधारल्यावरच करणार आहोत.

‘देशाबाहेर जाऊन पुन्हा प्रवेश करा’ हा सल्ला मिळाला आहे. तो कृपया नको.