महाज्वालामुखीची चिंता खारपाणपट्ट्याने करावी का?

निवृत्त भूगोल शिक्षक, मूर्तिजापूर :
सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावरील टोबा महाज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्याची राख भारतभर पसरली. आपल्या पूर्णेच्या खोऱ्यातील गाळातही तिचे थर आढळले आहेत. मात्र खरा घात राख करत नाही, गंधकाचे वायू करतात. ते वातावरणात फार उंच जाऊन त्यांचे आम्लयुक्त सूक्ष्म तुषार बनतात आणि ते वर्ष-दोन वर्षे ऊन अडवून धरतात. १९९१ सालचा फिलिपिन्समधील पिनाटुबोचा उद्रेक टोबापुढे अगदीच लहान, तरी त्यानंतर जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. अशा वेळी समुद्रापेक्षा जमीन लवकर थंड होते, दोहोंच्या तापमानातील फरक घटतो आणि त्या फरकावर चालणारे मोसमी वारे दुबळे पडतात. त्यामुळे आपल्याला धास्ती थंडीची नाही, पावसाची आहे. येथे, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातील या खारपाणपट्ट्यात, विहिरीचे पाणी खारे असल्याने ओलिताची सोय नाही. पाऊस हुकला तर खरीप जातो आणि जमिनीत ओल न उरल्याने हरभराही जातो. म्हणून प्रत्येक गावाने दोन वर्षांचे धान्य आणि बियाणे राखून ठेवावे, असे माझे ठाम मत आहे.

कापूस उत्पादक, दर्यापूर :
गुरुजी, आपला अभ्यास मान्य आहे, पण निष्कर्ष पटत नाही. अमेरिकेतील यलोस्टोन या महाज्वालामुखीचा महाउद्रेक एखाद्या वर्षी होण्याची शक्यता अमेरिकी भूगर्भशास्त्रज्ञांनी सुमारे ७,३०,००० मध्ये एक अशी काढली आहे. आमच्या बोंडात गुलाबी अळी मात्र दरवर्षी निघते. टोबाने माणूस संपला असेही नाही. आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम येथे राखेच्या थराखाली आणि थरावर सारख्याच धाटणीची दगडी हत्यारे मिळाली आहेत. जो शेतकरी ज्वारी सोडून सोयाबीन-कपाशीकडे वळला आणि स्वतःच रेशनचे धान्य आणतो, त्याने दोन वर्षांचा साठा कोठून करावा?

कृषी पदवीधर, अकोट :
दादा, तो आकडा एकट्या यलोस्टोनचा आहे, जगातील सर्व ज्वालामुखींचा नाही. शिवाय पीक बुडण्यासाठी महाज्वालामुखीच लागतो असे नाही. १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा फुटला आणि १८१६ मध्ये युरोपात उन्हाळाच आला नाही, पिके गेली, उपासमार झाली. भारतातही पावसाचे चक्र बिघडले. ज्वालापुरमचे लोक शिकारीवर आणि कंदमुळांवर जगत होते, अन्न संपले की पुढे सरकत होते. सातबाऱ्याला आणि कर्जाला बांधलेले कुटुंब कोठे सरकणार?

कापूस उत्पादक, दर्यापूर :
ताई, हा मुद्दा रास्त आहे. तरीही धान्याचा साठा हे सरकारी गोदामांचे काम आहे, ते शेतकऱ्याच्या माथी मारू नये. बियाण्याचे म्हणाल तर संकरित कपाशीचे घरचे बी पुन्हा तसे येत नाही. सोयाबीनचे बी तर एक उन्हाळा निघाला तरी ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून त्यांतील सत्तर उगवतात की नाही हे पाहावे लागते. ते दोन वर्षे कसे टिकणार?

निवृत्त भूगोल शिक्षक, मूर्तिजापूर :
सोयाबीनबाबत आपले म्हणणे मी स्वीकारतो. गोदामांबाबत नाही, कारण मोसमी पाऊस दुबळा पडला तर तो एकट्या वऱ्हाडापुरता पडणार नाही, आणि त्या गोदामांवर एकाच वेळी अनेक राज्यांचा भार येईल. ज्वारीचे बी नीट वाळवून ठेवले तर सोयाबीनपेक्षा पुष्कळ टिकते. त्यासाठी धुऱ्यालगत ज्वारीची चार तासे (ओळी) तरी पेरावीत, यावर आपले काय मत आहे?