मदत हवी आहे: ए७ फोर न्यायचा की आरएक्स१०० घ्यायचा? (उद्यापर्यंत ठरवायचंय)

निळी छत्री | सोमवार, रात्री १०:४१
नमस्कार. माझ्याकडे सोनीचा ए७ फोर हा मोठा कॅमेरा आहे आणि २४-७० मिमीची झूम लेन्स. अठरा दिवस रोज चालायचंय, पावसात. एवढं वजन खांद्याला झेपेल असं वाटत नाही. ओळखीचे एक जण सोनीचाच खिशात मावणारा आरएक्स१०० मार्क सेव्हन विकतायत, नीट वापरलेला आहे. उद्या संध्याकाळपर्यंत त्यांना हो-नाही कळवायचंय. फोटोत फरक नक्की किती पडेल? व्हिडिओ बघून बघून डोळे दुखायला लागले, सगळे कॉफीच्या कपाचे आणि फुलदाणीचे फोटो काढून दाखवतात. दोन्ही कॅमेरे वापरलेत त्यांनीच कृपया सांगा.

तिसरा स्टॉप | सोमवार, रात्री ११:०५
दोन्ही वापरलेत. आरएक्सच्या सेन्सरला (फोटो टिपणाऱ्या चिपला) एक इंची म्हणतात, पण प्रत्यक्षात तो १३.२ बाय ८.८ मिमी आहे. तुमचा फुलफ्रेम ३५.९ बाय २३.९. क्षेत्रफळ साधारण ७.४ पट. म्हणजे तेवढ्याच अ‍ॅपर्चरला (लेन्सचं तोंड) आणि शटरला छोट्या कॅमेऱ्यात आयएसओ (सेन्सरची उजेडासाठीची संवेदनशीलता) ८०० वर जेवढे दाणे दिसतील, तेवढे तुमच्यात सहा हजारच्या आसपास दिसतील. जवळजवळ तीन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). मेगापिक्सेलचं (३३ आणि २०) मनावर घेऊ नका, खरा फरक उजेडाचा आहे. घेऊ नका.

वाटसरू | सोमवार, रात्री ११:२०
कुठला ट्रेक आहे? हिमालयात पावसाळी ट्रेक असेल तर दोन्ही नकोत. ओएम सिस्टिमचा टीजी-७ घ्या, १५ मीटर पाण्याखाली चालतो, पडला तरी चिंता नाही. मी त्याच्या आधीचा टीजी-६ घेऊन ओढे ओलांडलेत. बुटांमध्ये गोरेटेक्स बघा आणि मोजे लोकरीचेच घ्या, सुती मोज्यांनी फोड येतात. रकसॅक ४५ लिटरच्या वर नको.

निळी छत्री | सोमवार, रात्री ११:३१
अहो ट्रेक नाही, वारी! आळंदी ते पंढरपूर. अठरा दिवस म्हटल्यावर कळेल असं वाटलं.

मळ्यातली | मंगळवार, सकाळी ६:५०
राम कृष्ण हरी ताई. कुठल्या दिंडीत? आमची रथामागे आहे. पहिल्यांदा चालताय का? प्लास्टिकचा इरलंवजा रेनकोट घ्या, छत्री दिवे घाटात वाऱ्याने उलटी होते. आणि कॅमेऱ्याचं काय ते असो, पण वारीत चालताना हात मोकळे हवेत. टाळ धरायचा की कॅमेरा, हे आधी ठरवा.

जुना रोल | मंगळवार, सकाळी ७:१५
मी पंचवीस वर्षांपूर्वी एका यॅशिकावर वारी टिपली. एकच ४५ ची लेन्स, छत्तीसचा रोल, एकूण आठ रोल. रोज सोळा फोटोंच्या वर काढायचे नाहीत असा नेम केला होता. काढण्याआधी दहा वेळा विचार व्हायचा. तुम्हीही एकाच लेन्सवर जा, मग कॅमेरा कुठलाही असो.

भीमाकाठ | मंगळवार, सकाळी ८:०२
वारी म्हणताय तर माझा अनुभव ऐका आणि मग ठरवा. चार वर्षांपूर्वी मी असाच खिशातला, लेन्स बाहेर येणारा झूम कॅमेरा घेऊन गेलो. जेजुरीत पालखीवर भंडारा उधळतात हे माहीत होतं, पण एवढा, हे माहीत नव्हतं. हळद अगदी बारीक असते. लेन्सच्या नळ्यांमध्ये शिरली. वाल्ह्याला कॅमेरा सुरू केला तर लेन्स निम्मी बाहेर येऊन अडकली, आत जाईना, बाहेर येईना. उरलेली वारी मोबाइलवर काढली. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण डोळ्यांसमोर, आणि हातात काही नाही. अजून आठवलं की पोटात कालवतं.
आरएक्स१०० ला धूळ-पाण्याचं सील नाही. रिकोच्या जीआर थ्री या छोट्या कॅमेऱ्यालाही नाही, आणि त्याचीही लेन्स आतबाहेर होते. ए७ फोरला निदान सील आहे, तेही सीलवाली लेन्स लावली तरच.

खडूफळा | मंगळवार, सकाळी ८:४४
रिकोचं नाव निघालंच आहे तर लिहितो. निळी छत्रीताई, आरएक्स सोडा, जीआर थ्री शोधा. वजन फक्त २५७ ग्रॅम आणि सेन्सर एपीएस-सी, म्हणजे त्या एक इंचीच्या तिप्पट. २८ ची एकच लेन्स. स्नॅप फोकस (आधीच ठरवून ठेवलेल्या अंतरावरचा फोकस) दोन मीटरवर लावायचा, अ‍ॅपर्चर एफ५.६. सव्वा मीटरपासून सहा मीटरपर्यंत सगळं स्पष्ट. मशीनने फोकस शोधायची वाटच बघायची नाही, बटण दाबलं की फोटो. गर्दीत चालताना याच्यासारखं सुख नाही.

तिसरा स्टॉप | मंगळवार, सकाळी ९:१०
खडूफळा, रिंगणात अश्व सहा मीटरच्या आतून जाणार आहे का? त्यात झूमच नाही. शिवाय बॅटरी दोनशे फोटोंत संपते. प्रत्येक धाग्यावर तुमचा जीआर येतो.

खडूफळा | मंगळवार, सकाळी ९:२५
येतो, कारण मी दहा हजारांवर फोटो त्यातून काढलेत आणि तो मला आवडतो. ताईंनी रिंगणाचा उल्लेखच केलेला नाही. त्यांना चेहरे हवे असतील तर? आधी विचारा तरी.

अर्धा कप | मंगळवार, सकाळी ९:४०
विचारतोच. निळी छत्री, चार गोष्टी सांगा, त्याशिवाय कुणालाच नीट सांगता येणार नाही. (१) २४-७० कुठली? सोनीची जुनी जीएम (त्यांची वरच्या दर्जाची मालिका) ८८६ ग्रॅमची आहे, नवी जीएम टू ६९५ ची. (२) फोटो कशासाठी, मोबाइलवर बघायला की छापायला? (३) सामान पाठीवर की दिंडीच्या ट्रकमध्ये? (४) चार्जिंग कुठे?

निळी छत्री | मंगळवार, सकाळी ११:१८
उत्तराला उशीर झाला, लग्नाच्या अल्बमचं काम चालू होतं. जुनी जीएम आहे. लग्नं शूट करते, त्यामुळे ए७ फोर माझा कमाईचा कॅमेरा आहे, तो भिजला तर श्रावणानंतरच्या तारखा अडचणीत येतील.
फोटो छापायचे आहेत. आमच्या गावच्या दिंडीचं यंदा पंचविसावं वर्ष आहे. सुरुवातीपासून चालणाऱ्या नऊ बायका अजून चालतायत, त्यात माझी आई. या नऊ जणींचे फोटो दोन बाय तीन फुटांचे करून गावच्या मठात लावायचे आहेत. आजवर त्या सगळ्या कुणाच्या तरी फोटोत मागे उभ्या दिसतात, किंवा दिसतच नाहीत. आईच्या गुडघ्याचं बघता पुढच्या वर्षी ती चालेल असं डॉक्टरांना वाटत नाही.
सामान ट्रकमध्ये. चार्जिंग मुक्कामाला, जनरेटर असतो तोवर.

मळ्यातली | मंगळवार, सकाळी ११:२६
ताई, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. माउली तुमच्या आईंना बळ देवो.

अर्धा कप | मंगळवार, सकाळी ११:५०
आता हिशेब करता येतो. तीन फूट म्हणजे ३६ इंच. आरएक्सची लांब बाजू ५४७२ पिक्सेल, म्हणजे इंचाला १५२. जीआर थ्री ६०००, इंचाला १६७. ए७ फोर ७००८, इंचाला १९५. मठाच्या भिंतीवरचा फोटो माणूस पाच-सहा फुटांवरून बघतो. तिथून १५२ आणि १९५ मधला फरक दिसणार नाही. म्हणजे छपाईच्या आकारावरून कुठलाच कॅमेरा बाद होत नाही. बाद होईल तो अंधारामुळे. मुक्कामाचं कीर्तन, हरिपाठ, पहाटेचा काकडा, हे हवंय का?

फक्त मोबाइल | मंगळवार, दुपारी १२:१५
ड्रोन न्या. दिवे घाटाचा वरून घेतलेला फोटो मठात लावला तर बघत राहाल.

भीमाकाठ | मंगळवार, दुपारी १२:२२
पालखी सोहळ्यात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि डोक्यावर घरघर झाली तर अश्व बिथरतात. कृपया हा सल्ला कुणाला देऊ नका. आणि त्यांना नऊ चेहरे हवेत, घाट नकोय.

कोरडी माती | मंगळवार, दुपारी १:०५
मला जरा वेगळं म्हणायचंय. वारी चालायची असते, टिपायची नसते. दरवर्षी वारकऱ्यांपेक्षा कॅमेरे जास्त दिसतात. तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या बाईसमोर दहा जण उलटे चालत असतात, तिला पुढची वाट दिसत नाही.

जुना रोल | मंगळवार, दुपारी १:३०
तुमचं दुःख खरं आहे, मीही ते बघितलंय. पण या ताई बाहेरून येऊन उलट्या चालणाऱ्या नाहीत, त्या आपल्याच दिंडीत आईबरोबर चालतायत. पंचवीस वर्षं चाललेल्या बाईचा एक धड फोटो नसावा, हे मला जास्त लागतं. माझ्या आठ रोलमध्ये पताका आहेत, विणेकरी आहेत, माझ्याबरोबर चाललेल्या मावशीचा एकही नाही. ती गेल्यावर मी सगळ्या निगेटिव्ह उजेडाला धरून बघितल्या.

तिसरा स्टॉप | मंगळवार, दुपारी २:१०
ताई, मी काल रात्री सरळ घेऊ नका म्हटलं, ते माहिती नसताना म्हटलं. तरी माझा सल्ला वेगळाच आहे: नवीन कॅमेरा घेऊच नका, लेन्स बदला. सोनीची ४० मिमी एफ२.५ जी फक्त १७३ ग्रॅमची आहे. बॉडी ६५९. मिळून ८३२ ग्रॅम. आत्ताची जोडी दीड किलोच्या वर जाते. म्हणजे वजन जवळजवळ निम्मं झालं. शिवाय त्या लेन्सलाही सील आहे. आणि मेनूमध्ये बंद करताना शटर मिटण्याची सोय चालू करा, लेन्स बदलावी लागलीच तर सेन्सरवर थेट धूळ पडत नाही.
बॅटरीचं बघा, ए७ फोर एका चार्जवर ५८० फोटो देतो, आरएक्स २६०. जनरेटर लवकर बंद झाला तर हा फरक कळतो. कार्डही दोन बसतात, दोन्हींवर एकदम फोटो जातात. आरएक्सचं एकच कार्ड हरवलं तर नऊ जणी गेल्या.

खडूफळा | मंगळवार, दुपारी २:३२
हे पटलं. पण तरीही तो दिसायला मोठाच कॅमेरा राहतो. माणसं कॅमेऱ्याकडे बघून बदलतात, आणि हे कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नसतं. ताई, विकणाऱ्यांकडून कॅमेरा एक दिवस मागून घ्या आणि त्याच बायकांवर दोन्ही वापरून बघा.

निळी छत्री | मंगळवार, दुपारी ४:०४
हे चांगलं सुचवलंत. त्यांना विचारलं, गुरुवारपर्यंत ठेवा म्हणाले. आज संध्याकाळी मारुतीच्या देवळात हरिपाठ आहे, नऊपैकी सहा जणी येतात. ४० ची लेन्स एका मित्राकडे आहे, तीही आणते.

वाटसरू | मंगळवार, दुपारी ४:४०
वारी आहे हे कळल्यावर मोज्यांबद्दलचं मागे घेतो. चपलाच बऱ्या, चिखलात बूट वाळत नाहीत. टीजी-७ चं मात्र मागे घेत नाही, पाऊस तो पाऊसच.

निळी छत्री | बुधवार, रात्री ९:५५
करून बघितलं, सविस्तर लिहिते.
काल हरिपाठाला देवळात दोनच ट्यूबलाइट होत्या. आरएक्सने रुंद बाजूला (झूम न करता) फोटो ठीक आले, पण जरा झूम केल्यावर लेन्सचं तोंड एफ२.८ एवढं मोठं राहत नाही, आयएसओ ६४०० ला गेला आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसल्यासारख्या झाल्या. टाळ वाजवणारे हात हलले, तिथे त्याच्या स्थिरीकरणाचा उपयोग नाही. ए७ फोर आणि ४० ला त्याच जागी काही त्रास झाला नाही. आईच्या कपाळावरचा बुक्का कणाकणाने दिसतो.
आज सकाळी चालायच्या सरावाला सगळ्या जणी मळ्याच्या रस्त्याने गेल्या. आभाळ होतं. दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो दुपारी ए४ वर छापून बहिणीला दाखवले, तिला कुठला कशाचा ते ओळखता आलं नाही. मलाही दोनदा चुकलं. पांढऱ्या पातळांचं मात्र बघावं लागलं, आरएक्समध्ये पांढरं लवकर फुटतं (तपशील जाऊन नुसतं पांढरं उरतं), एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली ठेवल्यावर जमलं.
आणि खडूफळा म्हणाले तेच झालं. मोठा कॅमेरा वर केला की पदर सारखे होतात आणि अभंग थांबतो. आई तर थेट हात जोडून उभी राहते, लग्नात राहते तशी. छोट्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. आईचा मान मागे टाकून, डोळे मिटून गातानाचा एक फोटो आलाय. तिला असं गाताना मी समोरून कधी बघितलंच नव्हतं, मी नेहमी तिच्या मागच्या ओळीत असते.

तिसरा स्टॉप | बुधवार, रात्री १०:१२
मग आरएक्स घ्या. दिवसा तो, मुक्कामाला ए७ फोर आणि ४०. मोठा कॅमेरा दिवसभर ट्रकमध्ये, कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून.

भीमाकाठ | बुधवार, रात्री १०:२०
फक्त जेजुरीला छोटा कॅमेरा बंद करून प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी आत खिशात. तळावर पोचून हात धुतल्याशिवाय काढायचा नाही. रिंगणाच्या दिवशी ट्रक पुढे निघायच्या आत मोठा कॅमेरा काढून घ्या, नंतर मिळत नाही. लोणंद सोडताना, माळशिरसच्या आधी सदाशिवनगरला, आणि वाखरीजवळ बाजीरावाच्या विहिरीला.

निळी छत्री | बुधवार, रात्री १०:३८
घेतला. आत्ताच फोन करून कळवलं. २४-७० घरीच राहील.
आता एकच अडलंय. आरएक्स मायक्रो यूएसबीवर चार्ज होतो, ए७ फोर सी टाइपवर. जनरेटरवर दोन्ही लावायला जागा मिळत नाही म्हणतात. आरएक्सच्या जादा बॅटऱ्या तीन पुरतील का? रोज साधारण दोनशे फोटो.

मळ्यातली | बुधवार, रात्री १०:५१
तीन घ्या आणि पॉवर बँकही घ्या. फलटणला आमच्या राहुटीत या, आमच्याकडे स्वतःचा जनरेटर आहे. दिंडीचा क्रमांक तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवते. आईंनाही आणा, गुडघ्याला लावायला गरम तेल देते.